डीझेल एंजिन, लहान नौकांचे
लहान नौकांचे डीझेल एंजिन : सुमारे ६ ते १५ मी. लांबीच्या मासेमारी, उतारू किंवा सहलीच्या नौका चालविण्यासाठी बसविलेले, संपीडनाने प्रज्वलन होणारे अंतर्ज्वलन एंजिन. मोठ्या जहाजांवरील मंदगती एंजिनाहून त्याची रचना, त्याचा इतिहास व त्याच्या अडचणी इतक्या निराळ्या आहेत की, त्याचा स्वतंत्र विचार करणे इष्ट ठरते. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर हे एंजिन बव्हंशी शेतातील विहिरीवरून समुद्रावर गेले आणि त्याच्या निवडीतील व निगेतील बऱ्याच चुकांचे मूळ या प्रवासात आहे. [→ अंतर्ज्वलन-एंजिन, मत्स्योद्योग].

पूर्वेतिहास : रूडोल्फ डीझेल (१८५८–१९१३) या जर्मन अभियंत्यांनी १८९२ मध्ये आपल्या एंजिनाच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये औग्झबर्ग येथे त्यांचे एंजिन यशस्वी रीत्या चालले. त्याची औष्णिक कार्यक्षमता सुमारे २६ टक्के भरली. त्या काळच्या सामान्य वाफ एंजिनाची ती १० टक्क्यांच्या आसपास असे. सिलिंडरात नुसती हवा दाबावयाची आणि दाबाने ती पुरेशी तापली की, तीत इंधनाचा फवारा सोडावयाचा, एवढे या एंजिनाचे तत्त्व आहे. ठिणगीची गरज नाही. परंतु आरंभीच्या एंजिनांत इंधन फवारण्यासाठी दाबलेली हवा लागे व ती पुरविणारा संपीडक एंजिनालाच जोडावा लागे. त्यामुळे एंजिन अवजड व महाग होई. १९०३ मध्ये रशियातील ‘वांदाल’ या व्होल्गा नदीवरील तेलवाहू नौकेवर आणि १९१२ मध्ये ‘सेलांडिया’ या डॅनिश सागरगामी जहाजावर डीझेल एंजिने चालली, तरी कोळ्याच्या होडीला त्याचा काही उपयोग नव्हता.

लहान नौकांची गरज त्या काळी निराळ्याच एंजिनाने भागविली. हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्ट्यूअर्ट या इंग्रज संशोधकांनी १८९० मध्ये तप्तगोल एंजिनाचे एकस्व घेतले. या एंजिनाच्या शिरावरील लोखंडी गोळा बत्तीने लाल होईपर्यंत तापवावा लागे; एकदा एंजिन सुरू झाले की, ज्वलनाच्या उष्णतेनेच तो तापलेला राही. स्वीडनमधील बोलिंडर कंपनीची या जातीची एंजिने स्कँडिनेव्हियातील मच्छीमारांनी उचलून धरली. हे एंजिन कार्यक्षमतेत खऱ्या डीझेलपेक्षा कमी. पण हलक्या प्रतीच्या तेलावर चालणारे आणि अडाणी हातालाही दाद देणारे होते.

रोबेर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ मध्ये डीझेलच्या अंतःक्षेपण पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि हवेचा संपीडक कायमचा गेला. इंधन आता सरळ पंपाच्या दाबाने फवारता येऊ लागले. पाठोपाठ १९२९-३० मध्ये इंग्लंडमधील लिस्टर कंपनीचे मिनिटास सुमारे ६०० फेरे घेणारे, अवजड प्रचक्राचे एंजिन बाजारात आले व १९३३ मध्ये जपानमध्ये यामाओका मागोकिची यांनी यानमार या नावाचे छोटे डीझेल एंजिन तयार केले. आज आपण ज्याला लहान डीझेल एंजिन म्हणतो, त्याचा जन्म या पाच-सहा वर्षांतील आहे.

महाराष्ट्रातील उत्पादन : भारतात डीझेल एंजिन प्रथम बनविण्याचा मान सामान्यतः सातारा रोड येथील कूपर एंजिनिअरिंग या कारखान्यास दिला जातो. १९२२ मध्ये नांगर व शेतीची अवजारे बनविण्यासाठी निघालेल्या या कारखान्याने १९३० नंतरच्या दशकाच्या आरंभी एंजिने बनविण्यास सुरुवात केली. त्याचे संस्थापक धनजीशा कूपर हे १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे मुख्य मंत्रीही होते. पुढे हा कारखाना वालचंद उद्योगसमूहाकडे गेला. किर्लोस्करवाडीला १९१० पासून शेतीची अवजारे बनविणाऱ्या किर्लोस्कर समूहाने १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन केली. या दोन्ही घराण्यांचा मूळ ग्राहक शेतकरी होता, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. एंजिनाची शक्ती, वेग, थंड करण्याची पद्धत, पायाचे बोल्ट, एवढेच नव्हे तर हँडल मारण्याची उंचीसुद्धा विहिरीवरचा माणूस डोळ्यांपुढे ठेवून ठरलेली होती.

विहिरीवरील एंजिन : हे एंजिन मुळात कोणत्या परिस्थितीसाठी होते, ते पाहण्यास नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील वणी हे गाव सोयीचे आहे. सप्तशृंगी गडाच्या पायथ्याचे हे गाव समुद्रापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे आणि येथील ओढ्यानाल्यांचे पाणी पश्चिमेच्या समुद्राकडे न जाता गोदावरीतून थेट पूर्वेकडे वाहते. काळ्या कातळात खोदलेल्या विहिरी व त्यांवर बैलांची मोट ही या भागाची जुनी रीत होती. मोटेची जागा तेलाच्या एंजिनाने घेतली व १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यानंतर खेडोपाडी वीज पसरत गेली, तशी एंजिनाची जागा विजेच्या मोटरीने घेतली. मधल्या काळात बागाइताचा सारा भार या एंजिनावर होता. पाच अश्वशक्ती, एक उभा सिलिंडर, मिनिटास १,५०० फेरे, सिलिंडराचा व्यास ८० मिमी. व दट्ट्याची धाव ११० मिमी. हे किर्लोस्करांच्या एव्ही-१ या प्रतिरूपाचे माप पिढ्यान्‌पिढ्या तेच राहिले.

या एंजिनाचे जीवन मोठे सुरक्षित होते. ते सिमेंटच्या चौथऱ्यावर घट्ट बसे. त्याच्यावरील भार दिवसभर एकसारखा असे. गतिनियंत्रक एकदा लावला की, त्याकडे पाहण्याचे कारण नसे. पंप उपसत असलेल्या विहिरीच्या गोड पाण्याचीच एक धार एंजिन थंड करी. पाण्याची पातळी खोल गेली की, पंपाच्या ओढीची मर्यादा आड येई. वातावरणाचा दाब पाण्याचा सु. १० मी. उंचीचा स्तंभ तोलतो, पण व्यवहारात ६-७ मीटरांपलीकडे पाणी ओढले जात नाही. म्हणून एंजिन विहिरीतच टप्पा करून उतरविले जाई. तेथे धूर साचून माणसे गुदमरल्याचे प्रकार घडत व विहिरीतील एंजिनाचे हे एक दुखणे नौकेच्या बंद एंजिन-कक्षातही जसेच्या तसे गेले. पावसाळ्यात एंजिन बंद राही. बिघडले तर पीक काही दिवस कळ सोसू शके व तोवर तालुक्याच्या गावचा मिस्त्री येऊन झडपा घासून जाई.

किनाऱ्यावर : महाराष्ट्राच्या सु. ७२० किमी. किनाऱ्यावर मचवा, होडी, पडाव, गलबत इ. नौका शिडावर व वल्ह्यांवर चालत. यंत्राचा पहिला सरकारी प्रयोग वाफेचा होता. १९२१-२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ या ट्रॉलरने मुंबईच्या किनाऱ्यावर चाचणी मासेमारी केली. तिचा कोळ्यांच्या धंद्यावर काहीच परिणाम झाला नाही. खरा बदल स्वातंत्र्यानंतरचा. पहिल्या पंचवार्षिक योजनेपासून (१९५१–५६) नौकांच्या यांत्रिकीकरणासाठी कर्जे व अनुदाने मिळू लागली. केरळात नीण्डकरा येथे १९५३ मध्ये इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने जगातील मासेमारी नौकांवर परिषद भरविली. या संघटनेचे नौकारचनातज्ञ भारतातही आले. केरळात वा मद्रासकडे ओंडक्याच्या किंवा फळ्या शिवून केलेल्या नौकांत एंजिन बसविणे शक्य नसल्याने नव्या नौका आखाव्या लागल्या. मुंबई इलाख्यात मात्र सातपाटीचा मचवा आणि सौराष्ट्रातील लोधिया या नौका मुळातच यंत्राला योग्य ठरल्या. रुंद पोट, सरळ लांब कणा व भक्कम बांधणी यांमुळे सातपाटीच्या मचव्यात एंजिनाची बैठक व दांडा बसविणे तुलनेने सोपे होते. रत्नागिरीकडील उलांडीच्या होडीला हे भाग्य लाभले नाही.

हा बदल कोळी समाजाने किती लवकर स्वीकारला, याचे काहींना आश्चर्य वाटते. पण त्याचे कारण डोळ जाळ्यात आहे. खुंटांना बांधलेले हे पिशवीसारखे जाळे भरती-ओहोटीच्या ओढीवर भरते व ओढ मंदावली की, उचलावे लागते. ती घटका वाऱ्यासाठी थांबत नाही. शिवाय बोंबलासारखा नाजूक मासा काही तासांत उतरतो. वारा पडला म्हणून मचवा खाडीच्या तोंडाशी खोळंबला की, साऱ्या दिवसाची कमाई जाई. एंजिनाने पहिल्या प्रथम वेळेची हमी दिली. अधिक दूर जाण्याची व अधिक मोठे जाळे ओढण्याची हाव नंतरची.

परंतु हमीबरोबर हप्ता आला. शीड फाटले तर घरी शिवता येई. एंजिन नाखव्याच्या नावावर सोसायटीच्या कर्जाने घेतलेले असे. ते बंद पडले तरी हप्ता थांबत नसे. तुफानी वाऱ्यात किनाऱ्याच्या खडकांकडे ढकलल्या जाणाऱ्या नौकेचे एंजिन थांबले, तर शीड नसलेल्या नौकेवरील तांडेल व खलाशी यांच्या प्राणांवरच बेतते. यांत्रिक नौकांवरून डोलकाठी हळूहळू नाहीशी झाली, ही प्रस्तुत लेखकाच्या मते या इतिहासातील सर्वांत चिंतेची बाब आहे. लहानसे जोड-शीड ठेवण्यास खर्च फारसा नसतो.

एंजिनाची निवड : विहिरीवरील एंजिन नौकेत बसविताना पहिली चूक शक्तीच्या हिशोबात होते. पाणी कापीत जाणाऱ्या नौकेचा वेग तिच्या जलरेषेच्या लांबीने मर्यादित केलेला असतो. मीटरमधील या लांबीच्या वर्गमुळाला सु. २·४ ने गुणले असता ही मर्यादा नॉटमध्ये मिळते. म्हणजे ९ मी. जलरेषेच्या नौकेस ती साधारण ७ नॉट (ताशी १३ किमी.) होय. या मर्यादेच्या पुढे नौका स्वतःच निर्माण केलेल्या लाटेच्या चढावर चढू पाहते आणि कितीही अश्वशक्ती दिली, तरी बहुतेक ती पाणी घुसळण्यात जाते. मर्यादेच्या आत लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग एक-दशांशाने कमी केला, तर शक्ती एक-चतुर्थांशाहून अधिक वाचते. लहान नौकेच्या विस्थापनाच्या दर टनास ३ ते ५ अश्वशक्ती पुरेशी होते. पाच टनांच्या नौकेस वीस अश्वशक्तीचे एंजिन भागते. ते पाऊण भारावर चालविले तर दर तासास सु. ३ लि. डीझेल लागते, कारण लहान एंजिनाचा खर्च दर अश्वशक्ती-तासास सु. ०·२ लि. असतो. चाळीस अश्वशक्तीचे एंजिन घेणारा नाखवा वेग विकत घेत नाही, इंधनाचे बिल विकत घेतो. वारा व लाट समोरून असता उपयोगी पडेल एवढा साठा हवा, हे खरे. पण तो दुपटीचा असण्याचे कारण नाही.

दुसरी चूक पंख्याची. विहिरीवरील पंपाचा भार ठरलेला असतो, मळसूत्री पंख्याचा भार मात्र त्याच्या व्यासावर व अंतरालावर अवलंबून राहतो. मोठा पंखा सावकाश फिरविणे हे जड नौकेस नेहमी फायद्याचे, म्हणून एंजिन १,५०० फेऱ्यांचे असेल तर दोनास एक किंवा तीनास एक अशा प्रमाणाने वेग उतरविणारी दंतचक्रपेटी मध्ये घालावी लागते. पंखा योग्य आहे की नाही, हे पाहण्याची कसोटी सोपी आहे. भरलेली नौका खोल पाण्यात पूर्ण इंधन देऊन चालवावी. एंजिन आपल्या नेमून दिलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचले नाही व काळा धूर टाकू लागले, तर पंखा त्यास जड आहे. फेरे सहज ओलांडून जात असेल, तर पंखा हलका आहे. ही चाचणी घेण्याऐवजी दोष एंजिनास देण्याची प्रथा सर्वत्र आढळते.

तिसरा प्रश्न थंड पाण्याचा असून तो सर्वांत कठीण आहे. समुद्राचे पाणी सरळ सिलिंडराभोवती फिरविणे स्वस्त पडते, पण ते सु. ५५° से. च्या वर तापू देता येत नाही. त्यापलीकडे क्षार बाहेर पडून वाटा बुजवितात. एंजिन असे थंड राहिले म्हणजे ज्वलनातून निघणारी आम्ले सिलिंडराच्या भिंतीवर निवतात व भिंत झिजते. विहिरीवर वर्षानुवर्षे टिकणारे ओतीव लोखंड खाऱ्या पाण्याने पोखरले जाते, ते निराळेच. यावर उपाय म्हणजे एंजिनात गोडे पाणी फिरवावयाचे आणि ते उष्णता-विनिमयकात समुद्राच्या पाण्याने निववावयाचे. त्यायोगे एंजिन ८०°–८५° से. वर चालते. खाऱ्या पाण्याच्या बाजूस जस्ताचे बळी-तुकडे लावतात; ते आधी गंजतात व तांबे-लोखंड वाचते. जस्ताचा तुकडा निम्मा झिजला की, बदलावा. तो वर्षभर जसाच्या तसा चकचकीत राहिला, तर ते शुभ लक्षण न समजता त्याचा विद्युत्‌ संपर्क तुटला आहे असे समजावे.

पेट्रोल की डीझेल, या प्रश्नाचा निकाल नौकेत तरी केव्हाच लागला आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते व नौकेच्या तळाशी साचून राहते. एका ठिणगीने स्फोट होतो. डीझेल साधारण तापमानास अशी वाफ देत नाही.

मालमोटारीच्या एंजिनांचा काळ : मासेमारी नौका वाढत गेल्या, तसे एक-दोन सिलिंडरांचे एंजिन अपुरे पडू लागले. रस्त्यावरील अवजड वाहनांची एंजिने देशात बनू लागल्यावर तीच समुद्रासाठी फेरफार करून वापरण्याकडे कल झाला. अशोक लेलँडची सहा सिलिंडरांची एंजिने तर पश्चिम किनाऱ्यावर घरोघरीच्या परिचयाची झाली. त्यांचे सुटे भाग महामार्गावरील कोणत्याही गावी मिळतात, हा त्यांचा मोठा गुण होय. मात्र मालमोटारीचे एंजिन क्षणोक्षणी भार बदलते, उतारावर विसावा घेते. नौकेचे एंजिन बंदर सोडल्यापासून परत येईपर्यंत चढावरच असते. म्हणून त्याच एंजिनाची सागरी शक्ती कारखानदार कमी करून सांगतात व ती मर्यादा पाळणे हिताचे असते. मोडीत निघालेल्या वाहनाचे एंजिन, त्याच्या तेलाच्या टाकीच्या उताराचाही विचार न करता नौकेत बसविणे याला काटकसर म्हणता येणार नाही. नौका उभी-आडवी डोलते तेव्हा वंगणपंपाचे तोंड तेलाबाहेर येते आणि धारवे काही मिनिटांत जळतात.

वाढत्या अश्वशक्तीचे सामाजिक परिणामही झाले. गोव्यात १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात रापणकारांनी यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध मोठे आंदोलन केले. १९८१ मध्ये महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमन अधिनियम झाला. त्यानंतरही एंजिनांची चढाओढ थांबली नाही. अलीकडे चिनी बनावटीची कितीतरी अधिक शक्तीची एंजिने किनाऱ्यावर आली आहेत. डीझेलवरील विक्रीकराचा परतावा मच्छीमारांना सहकारी संस्थांमार्फत मिळतो व तो वेळेवर मिळणे-न मिळणे यावर पुष्कळ घरांचा हिशोब अवलंबून असतो.

निगा : लहान डीझेल एंजिन बंद पडण्याची कारणे पाहिली, तर इंधनातील पाणी, घाण व हवा यांचा क्रम पहिला लागतो. अंतःक्षेपण पंपाचे भाग इतके तंतोतंत बसविलेले असतात की, डोळ्यांना न दिसणारा कणही त्यांना ओरखडे पाडतो. म्हणून इंधन टाकीत घालतानाच गाळावे, टाकीच्या तळाची तोटी रोज सोडून साठलेले पाणी काढावे आणि पाणी वेगळे करणारा गाळणा एंजिनाच्या आधी लावावा. नळीत हवा शिरली तर पंप हवाच दाबीत राहतो व फवारा होत नाही. अशा वेळी गाळण्यापासून सुरुवात करून अंतःक्षेपकापर्यंत एकेक पेच सैल करावा व हातपंपाने बुडबुडे निघून सलग धार येईपर्यंत इंधन सोडावे. प्रत्येक तांडेलास हे काम अंधारात, हलत्या नौकेवर, स्वतःच्या हातांनी करता आले पाहिजे.

वंगण दर १०० ते २५० तासांनी, एंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणे बदलतात. धुराचा रंग हा जुना व भरवशाचा वैद्य आहे. काळा धूर अतिभार किंवा हवेची कमतरता, निळा धूर वंगण जळणे आणि पांढरा धूर न जळलेले इंधन अथवा सिलिंडरात शिरलेले पाणी दर्शवितो. खाऱ्या पाण्याच्या पंपातील रबरी पंखचक्र कोरडे चालल्यास अल्पावधीत फाटते. एक जादा चक्र नौकेवर ठेवावे व फाटलेल्याचे तुकडे नळीतून शोधून काढावेत, नाहीतर तेच पुढे वाट अडवितात.

लाकडी नौकेत दांड्याची रेषा तपासण्याचे काम नौका पाण्यात असतानाच करावे लागते, ही गोष्ट सिमेंटच्या चौथऱ्यावर शिकलेल्या मिस्त्रीस सहसा माहीत नसते. जमिनीवर टेकविलेल्या नौकेचा कणा किंचित वाकतो आणि पाण्यात उतरल्यावर लाकूड फुगून पुन्हा बदलतो. जोडचकत्यांमधील फट सर्व बाजूंनी केसाच्या जाडीइतकी सारखी हवी. ती तशी नसेल तर एंजिन हादरते, दांड्याच्या नळीतून पाणी गळते व दंतचक्रपेटीचे धारवे जातात.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते व नौका वर घेऊन झापांनी शाकारून ठेवतात. या दोन-अडीच महिन्यांत एंजिनाची जितकी हानी होते, तितकी उरलेल्या वर्षात होत नाही. नौका वर घेण्यापूर्वी एंजिन चांगले तापवून जुने वंगण काढावे, कारण त्यातील आम्ल तसेच राहिले तर धारवे खाते. नवे वंगण भरून थोडा वेळ चालवावे, खाऱ्या पाण्याच्या वाटा गोड्या पाण्याने धुवाव्यात, हवेची व धुराची तोंडे तेलकट फडक्याने बंद करावीत. इंधनाची टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे रिकाम्या जागेत दमट हवा निवून पाणी जमत नाही. मधूनमधून भुजादंड हाताने फिरवावा. नारळी पौर्णिमेस एंजिन सुरू होत नाही म्हणून धावपळ करणाऱ्यांनी यातले काही ना काही वगळलेले असते.

सहलीच्या व शिडाच्या नौका : शिडाच्या दूर पल्ल्याच्या नौकेत डीझेल एंजिन साहाय्यक म्हणून असते; बंदरात शिरणे-निघणे व विद्युत्‌ घट भारित करणे ही त्याची कामे. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ या भारतीय नौदलाच्या ५६ फुटी नौकेतून दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली व केपटाउन येथे ते थांबले. अशा नौकेतील एंजिनाचा शत्रू झीज नसून आळस असतो. घट भारित करण्यासाठी ते तासन्‌तास हलक्या भारावर चालते, पुरेसे तापत नाही, सिलिंडराच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत होतात व वंगण जळू लागते. आठवड्यातून एकदा तरी ते पूर्ण भारावर अर्धा तास चालवावे.

इंधनातील बदल : भारतात एके काळी डीझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक चालत असे, १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या डीझेलची मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग अशी झाली. आम्लाचा त्रास त्यामुळे पुष्कळ कमी झाला. मात्र गंधक काढण्याच्या प्रक्रियेत इंधनाची नैसर्गिक वंगणशक्तीही घटते. जुने अंतःक्षेपण पंप इंधनानेच वंगण मिळवीत असल्याने तेल कंपन्या त्यात वंगणकारी द्रव्ये मिसळतात. जैव डीझेलचे मिश्रण पाणी अधिक शोषते, पाणी व तेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून गाळण्यात काळा चिकट थर बसतो आणि जुन्या धाटणीच्या रबरी नळ्या मऊ पडतात. खडकीत किंवा साताऱ्यात तीस-चाळीस वर्षांपूर्वी बनलेले एंजिन अशा इंधनावर चालविताना या नळ्या बदलणे व गाळणे निम्म्या मुदतीत काढणे आवश्यक ठरते.